हौदावरचा ओदिलों

ओदिलोंने उभ्या हयातीत एकच काम केलं. हुदाँ गावी खालच्या कालव्यातल्या बोटी वरच्या कालव्यात चढवणाऱ्या लिफ्टवर झडपेचं चाक फिरवलं. पण मिजास अशी, की कोळशाच्या बोटी जणू हाच खांद्यावर घेऊन वरच्या कालव्यात ठेवतो. लिफ्टच्या उद्घाटनाला बेल्जियमचा राजा आला होता, तेव्हा त्याने आपल्याकडे पाहून मान हलवली, असं हा येईल त्याला सांगे. राजाने माशी हाकलली असेल.

रविवारी शहरातले लोक लिफ्ट बघायला आले की ह्याला चेव यायचा. बोट आत तरंगत राहील असे दोन लोखंडी हौद, दोन्ही दट्ट्यांवर उभे, खालून पाण्याचा दाब. वरच्या हौदात वीतभर पाणी जास्त घेतलं की तो खाली उतरतो आणि दुसऱ्याला वर चढवतो. हे सगळं ह्याच्याच सुपीक डोक्यातून निघाल्यासारखं तो सांगायचा.

बोटवाल्यांना मात्र तो पाण्यात पाहायचा. काळ्या हातांची, घर ना दार अशी माणसं! वर आलेल्या बोटवाल्याने टोपी काढून सलाम केल्याशिवाय हा हौदाचा दरवाजा उघडत नसे. आणि ह्याच्या एकुलत्या एक लेकीने, झेलीने, नेमका बोटवालाच पसंत केला. बायको गेल्यापासून ह्याला त्या पोरीशिवाय कुणी नव्हतं. तरी हा लग्नाला चर्चमध्ये गेला नाही. बोट माझ्याच हौदातून जायची आहे, म्हणाला, बघू कशी जाते ती.

वरच्या कालव्यातून लग्नाची बोट आली. टोकाला हिरव्या फांद्या, पोटात कोळसा, वर झेलीचं ओकचं कपाट. नवरदेव फर्मँने बोट हौदात घेतली, दरवाजे लागले. ओदिलोंने चाकावरचा हात काढला.

“वजन जास्त झालंय. हौद पेलणार नाही. कपाट उतरवा, आणि कपाटवालीलाही.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मागे खोळंबलेल्या बोटींवर हशा पिकला. झेली हसली नाही.

“बाबा, दर रविवारी तुम्हीच सांगता ना, बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर लोटते म्हणून? भरलेली असो की रिकामी, हौदाला फरक पडत नाही. मग कुणाला पडतोय ते बोला. म्हणजे उतरून भेटून तरी जाईन.”

‘मला’ एवढा एकच शब्द बोलायचा होता, पण तो बोटवाल्यांदेखत. तेवढा ह्या मोठ्या माणसाच्या तोंडून निघाला नाही. त्याने चाक फिरवलं.

झेलीला घेऊन हौद खाली गेला, तसा दुसरा वर आला. सवयीने ओदिलों छाती काढून सलामाची वाट पाहत उभा राहिला. हौदात नुसतं पाणी होतं.