सेतुरावांचा रिकामा किनारा

सेतुराव रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, कॉफीच्या आधी आपले डबे हुंगायचे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर बिस्किटांचे, मुरुक्कूचे म्हणजे तिकडच्या चकलीचे जुने पत्र्याचे डबे. त्यांत चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या. एकेका डब्याचं झाकण बोटभर उचलायचं, डोळे मिटून वास घ्यायचा, झाकण दाबून बसवायचं आणि पुढच्या डब्याकडे वळायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा लोणचं नासलंय का ते बघतोय.

“लोणचें नासलें तर दुसरें घालतां येतें, अगो,” ते म्हणाले. “मद्रासची हवा फिल्म खाते. फिल्म मरूं लागली कीं आंबट वास येतो. एका पट्टीचा दुसरीला लागतो, मग डबाच्या डबा जातो.”

दोन हजार पाच-सहाचा सुमार. मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि मैलापुरात सेतुरावांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. त्यांचे पूर्वज तंजावरला आले त्याला शतकं लोटली होती. त्यांची मराठी मला पोथीतली वाटायची आणि हेल पक्का तमिळ. माझी मराठी ऐकून ते म्हणायचे, “तुमची मराठी फार पळते. बस चुकते आहे कां?”

कुठल्याही उतावळेपणावर त्यांचं एकच औषध होतं: “छत्तीसच आहेत.” एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणून प्रत्येक आधी डोळ्यांनी काढायचा, मग बोटानं. वांगी निवडताना मी घाई केली तरी ते म्हणायचे, छत्तीसच आहेत. मी सरकारवर तावातावानं बोलायला लागले की हात वर करायचे. “सरी, सरी. छत्तीस शब्दांत सांग.”

मला ते कधी जमलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील गिरणी कामगारांच्या संघटनेत होते, आणि आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी वडील स्वतः एक ओळ लिहीत: “यातला शब्दन् शब्द तपासून घ्यावा.” चेन्नईत पहिल्या पगारातून मी डिजिटल कॅमेरा घेतला तो पत्रकांसाठीच. समोरच्या दुकानातही तेव्हा डिजिटल यंत्र आलं होतं. पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो मिळायचा. सेतुरावांच्या बाकावर वाट बघणारं आता कोणी नसे. ते मात्र रोज बाक पुसत.

स्टुडिओत शिरल्याबरोबर समोर त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो दिसे. काळापांढरा. पहाटेचा समुद्र, ओली वाळू, तिच्यावर एकच कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेला मासेमारीचा तराफा. माणूस नाही, पाऊलही नाही. वीस वर्षांपूर्वी तो एका कॅलेंडरवर छापून आला आणि शहराच्या दक्षिणेचा तो किनारा फोटोवाल्यांच्या नकाशावर आला. आता दर रविवारी पहाटे तिथं ट्रायपॉडची रांग लागायची. सगळ्यांना तोच फोटो हवा असायचा. पोरांना “हट, हट” करून बाजूला सारायचं, पंचवीस वेळा बटण दाबायचं, पडद्यात बघायचं आणि चोवीस पुसून टाकायचे.

त्या किनाऱ्यावर, माझ्या ऑफिसच्या बसच्या वाटेवर, एक कुप्पम होतं, कोळ्यांची वस्ती. सुनामीत झोपड्या गेल्या, ट्रंका गेल्या, ट्रंकांतली कागदपत्रं गेली. माणसं रस्त्यापलीकडे पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेली. पण जाळी पसरायची आणि मासळी वाळवायची जागा ती जुनीच होती, समुद्रालगतची. तिथं एका कंपनीला हॉटेल बांधायचं होतं. ती म्हणत होती, ही जागा कायम मोकळीच होती, सुनामीनंतर या लोकांनी ती बळकावली. भिंतीसाठी विटा येऊन पडल्या. वस्तीनं तक्रार केली, कचेरीत सुनावणी लागली आणि मी पत्रक काढायला घेतलं.

आता मी जे केलं ते लिहिते. माझ्या फोटोत वाळूवर तीनच होड्या होत्या. बाकीच्या समुद्रात गेलेल्या. तीन होड्या कोणाच्या काळजाला हात घालतील, असं मला वाटेना. मी संगणकावर त्यांतली एक उचलून आणखी दोन ठिकाणी चिकटवली. पाच होड्या, भरलेला किनारा. बाजू खरी होती, मग होड्या किती याला कोण विचारतंय?

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. पत्रक टेबलावर ठेवून त्यांनी एका होडीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग तिसरीवर. तिन्हींवर एकच नंबर रंगवलेला होता. कंपनीचा माणूस हसला नाही. त्यानं पिशवीतून एक जुनं कॅलेंडर काढलं आणि पुढं सरकवलं. सेतुरावांचा रिकामा किनारा. “वीस वर्षांपूर्वीची स्थिती, सार. वर्ष खाली छापलेलं आहे.”

साहेब म्हणाले, “कॉम्प्युटरवर काहीही करता येतं. जुना फोटो आणा, निगेटिव्हसकट. आठ दिवस देतो.”

बाहेर मुनियम्मा उभी होती. वस्तीतल्या बायका तिच्या शब्दावर चालत. तिनं मला शिवी दिली असती तर मला मोकळं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “कण्णू, आमच्या खऱ्या होड्या कमी पडल्या का गं?”

घरी येऊन मी सेतुरावांना सगळं सांगितलं. पाच होड्यांचं ऐकून ते म्हणाले, “दोनच कां केल्यास? एखादें जहाज करायचें होतें.” मग मी कॅलेंडरचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते उठून भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले.

“ती जागा रिकामी नव्हती,” ते म्हणाले. “मी रिकामी केली.”

त्या पहाटे वाळूवर जाळी होती, मासळीच्या टोपल्या होत्या, कोंबड्या होत्या, मुलं होती. सेतुरावांना गर्दी नको होती. त्यांनी लोकांना सांगितलं, एक फोटो काढतो, जरा बाजूला व्हा. लोकांनी ऐकलं. कॅमेरावाला शहरातला मोठा माणूस, त्याचं ऐकायचं असतं. तासभर खपून त्यांनी सगळं उचललं. वाळूवरची पावलं मुनियम्मानं खराट्यानं झाडली. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती.

“मग याच्या आधीचे फोटो असतील,” मी म्हटलं. “त्याच पट्टीवर!”

“दोन आहेत. प्रकाश बघायला, जरा बाजूनें काढले होते. तेविसावा हा. एकवीस आणि बावीस यांत सगळे आहेत.”

“मग काढा ना डबा, मामा!”

ते हलले नाहीत. तो डबा फळीवर नव्हता. पोटमाळ्यावर होता, सुतळीनं बांधलेला. तीन महिन्यांपूर्वी त्याला आंबट वास आला होता. सेतुरावांनी तो बाकीच्यांपासून दूर नेऊन ठेवला, पण उघडला नाही. रोज सगळे डबे हुंगणारा हा माणूस त्या डब्याकडे मान वर करूनही बघत नव्हता.

“उघडला नाहीं तोंवर आंत कांहीं तरी आहे,” ते म्हणाले. “उघडला आणि नसलें तर?”

आठातले दोन दिवस असेच गेले. मी ऑफिसात बसून चुका करत होते. संध्याकाळी परतताना बसच्या खिडकीतून विटांचा ढीग दिसायचा, आणि तो रोज वाढलेला वाटायचा. तिसऱ्या दिवशी मी भांडले. म्हटलं, तुम्हाला फिल्मची काळजी नाही, नावाची आहे. लोकांना कळेल की तुमचा मोठा फोटो झाडून-पुसून काढलेला होता, याची भीती आहे तुम्हाला. पत्रकात लिहावं तशी बोलले मी, उद्गारचिन्हांसकट.

त्यांनी ऐकून घेतलं. “आहे भीती,” म्हणाले. “दोन्हींची आहे. शिडी धर.”

झाकण उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका उग्र वास. वरची पाकिटं चिकटून एक झाली होती. पट्ट्या वाळल्या मासळीसारख्या वाकल्या होत्या. सेतुराव एकेक पाकीट उचलायचे, उजेडाकडे धरायचे आणि बाजूला ठेवायचे. कोणाचं लग्न, कोणाची मुंज, देवळाचा रथ, सगळं सुरकुतलेलं. पाकिटं संपत आली तसं मला त्यांच्या हातांकडे बघवेना.

ती पट्टी तळाशी सापडली. सहा फोटोंची, एकोणीस ते चोवीस. तेविसाव्यावर बुरशीचं जाळं धरलं होतं, समुद्र खवलेखवले होऊन निघत होता. गाजलेला फोटो मेला होता. त्याच्या डावीकडचे दोन वाकडे झाले होते, पण होते. सेतुरावांनी ते भिंगाखाली धरले आणि माझ्याकडे दिले. उलट्या काळ्यापांढऱ्यात मला आधी काही कळेना. मग माणसं दिसली. तोच तराफा, पसरलेली जाळी, टोपल्यांची रांग, मागं झोपड्या. बाविसाव्यात ती जाळी गोळा करून चौघे निघालेले. कडेला एक पोरगी, हातात खराटा.

मी म्हटलं, स्कॅन करून घेऊ. ते म्हणाले, “कर. पण साहेबांस हीच पट्टी दाखवायची. कापायची नाहीं.”

सुनावणीला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पट्टी काचेच्या दोन तुकड्यांत बसवलेली, छातीशी धरलेली. कंपनीच्या माणसानं त्यांना ओळखलं आणि उठून नमस्कार केला. सेतुरावांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं, पावलं झाडल्याचंसुद्धा. साहेबांनी काच खिडकीकडे धरली, कॅलेंडर शेजारी ठेवलं, तराफ्याशी तराफा ताडून पाहिला. ज्या वर्षाचं कॅलेंडर कंपनीनंच दाखल केलं होतं, त्याच्या आधीची ती पट्टी होती. तारखेचा वेगळा पुरावा लागलाच नाही.

“म्हणजे तुमचा हा प्रसिद्ध फोटो खोटा?” साहेबांनी विचारलं.

“फोटो खरा आहे, सार,” सेतुराव म्हणाले. “फक्त त्याच्या आधीचे दोन बघून मग तो बघा.”

भिंत थांबली. जागेची मोजणी होईपर्यंत हात लावू नये, असा आदेश निघाला. मोजणी दोनदा पुढं ढकलली गेली. मी हे लिहितेय तेव्हाही ती व्हायची आहे. विटा तिथंच आहेत आणि त्यांच्यावर जाळी वाळत असतात. पट्टी सरकारी फाइलला लागली. त्या कचेरीतली हवा कशी आहे, फाइल कपाटात आहे की खिडकीखाली, याची सेतुरावांना शेवटपर्यंत चिंता होती. मला दर महिन्याला विचारायचे, “वास घेतलास कां?” आणि मी खरोखरच त्या कारकुनाकडे जाऊन फाइल मागत असे. तो मला वेडी समजायचा.

स्टुडिओतला मोठा फोटो त्यांनी उतरवला. तिथं तीन फोटोंचा एक लांबट कागद लावला, कडेचे आकडेही दिसणारा. तेविसावा मुद्दाम तसाच, खवले उडालेला.

दीड वर्षानं ते गेले. मूल नव्हतं. डबे माझ्याकडे द्यावेत, असं ते भाचीला सांगून गेले होते. ही बातमी सांगायला मी कुप्पमला गेले. मुनियम्मा वाळूवर जाळी शिवत बसली होती. निघताना मी कॅमेरा काढला, तर ती सवयीनं उठली आणि जाळी आवरायला लागली.

“असू दे,” मी म्हटलं.

“जाळी?”

“जाळी असू दे. तूही बस.”

मी एकच फोटो काढला. तो चांगला आला नाही, तिचे डोळे मिटलेत. पुसलेला नाही.

डबे आता माझ्या खोलीत आहेत. रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी झाकणं बोटभर उचलून वास घेते. शेजारीण विचारते, लोणचं घातलंय का? आज पाचव्या डब्याला किंचित आंबट वास आला. मी बस सोडली, उजेडासाठी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि डबा तिथंच उघडला.