खुतब्यातली मोकळी जागा

दर शुक्रवारी आमच्या खिडकीतून समोरच्या मशिदीतला खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, ऐकू येतो. शेवटच्या दुआत इमामसाहेब एका जागी हटकून थांबतात. मला वाटायचं, वय झालं, दम लागत असेल.

परवा विचारलंच. ते हसले. "ज्याचं राज्य, त्याचं नाव तिथं घ्यायचे, भाऊ; पूर्वी सुलतानाचं. इंग्रज आले तेव्हा आमचे पणजोबा इमाम होते. राणीचं नाव जिभेवर येईना, आणि गावावर फौज ओढवून घ्यायची नव्हती. मग त्यांनी ती जागा मोकळीच सोडली."

ना आरडाओरडा, ना लाचारी. केवळ एक श्वास! इंग्रजांच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणायचे. त्या श्वासाएवढ्या जागेत तो कधी उगवलाच नाही.