इंजिनातला बर्फ

इंदूरची कापडाची मिल बंद पडली तेव्हा मल्हारगंजातले आमच्या समोरचे काका पन्नाशीला आले होते. जातिवंत फिटर, त्यांना घरी बसवेना. शेवटी फ्लाइंग क्लबात मेकॅनिकच्या हाताखाली काम मिळालं. मी तिथेच विमान चालवायला शिकत होतो. "लूम काय नि इंजन काय, दोघांना तेलच लागतं भिया," म्हणायचे.

पावसाळ्यातली दमट सकाळ होती. मी एकटाच उडत होतो. राऊ गावावरून परतताना खाली यायला पॉवर कमी केली. अशा वेळी कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ ओढायची असते, नाहीतर ओलसर हवेत आत बर्फ साचतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. शिकवलेलं होतं सगळं. पण इंदुरात बर्फ गोळेवाल्याकडे मिळतो, विमानात कुठला, एवढीच माझी अक्कल. इंजिन खोकलं, त्याचा जोर गेला आणि मी सोयाबीनच्या शेतात उतरलो. पुढचं चाक मोडलं. मला खरचटलंही नाही.

काका जीपमधून सगळ्यांत आधी पोहोचले. आधी मला चाचपलं, मग इंजिनाचं झाकण उघडून कार्बोरेटरवर हात ठेवला. "साहब, गीला है, एकदम ठंडा. बरफ जमा होगा," ते इन्स्ट्रक्टरना म्हणाले.

इन्स्ट्रक्टर माझ्याकडे वळले. "कार्ब हीट खींची थी?"

"जी सर." उचलली जीभ, लावली टाळ्याला. खरं बोललो तर आपलं उडणं आजच संपेल, एवढंच मला सुचलं.

हँगरात आणून चालवलं तर इंजिन छान चाललं. बर्फ केव्हाच वितळून गेला होता. मी हीट ओढली म्हटल्यावर बर्फाचं कारण बादच झालं. आदल्या दिवशी पेट्रोल गाळायची जाळी काकांनी साफ केली होती, तेव्हा खापर त्यांच्यावर फुटलं. "मिलवाले से और क्या होगा," इन्स्ट्रक्टर म्हणाले. काका दुसऱ्यांदा घरी बसले. मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

लायसन्स मिळाल्यावर आईने मला पेढे घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. काकांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. मग आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"एक बात सांग. हात तर माझा ओला झाला होता. पण तू हीट ओढली म्हणालास, आणि तू काही झूठ बोलणारा नाहीस. मग त्या जाळीत माझं काय राहिलं असेल रे?"

"कचरा असेल, काका," मी म्हणालो.