जहाजाचं एवरेज

ती घटना आजही आठवली की डोकं तापतं. नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी. ठाण्यातले अर्धे लोक रोज कुठल्या तरी मंत्र्याच्या बंदोबस्ताला, आणि तक्रारी उरलेल्यांच्या डोक्यावर. नवऱ्याच्या जागी खात्यात लागलेली मी तिथे महिला शिपाई होते.

समता कॉलनीतल्या एक डॉक्टरीणबाई तक्रार घेऊन आल्या. त्यांचं परदेशातून आलेलं तपासणीचं मशीन मुंबई बंदरात अडकलं होतं. माल सोडवणारा गुढियारीचा एजंट म्हणत होता, जहाजाच्या 'जनरल एवरेज'ची हमी दिल्याशिवाय मशीन सुटणार नाही.

टीआय साहेब, म्हणजे आमचे ठाणेदार, कागद पाहून हसले. "गाड़ी का एवरेज सुना था. जहाज डीज़ल ज़्यादा पी गया, तो मैडम पैसा भरेंगी?"

फसवणूक ठरून गेली. दुसऱ्या दिवशी खबर आली, एजंटाने मुंबईचं तिकीट काढलं आहे. पळतो म्हणून त्याला स्टेशनवरून उचलला. मुंबईला कशाला चालला होता, हे कोणी विचारलं नाही.

"साहब, वो वाला एवरेज नहीं है."

"तो कौन सा वाला है?"

तो तोंड उघडी, साहेब टेबलावर हात आपटत. संध्याकाळपर्यंत हेच. शेवटी मी त्याला चहा दिला. बोलण्याच्या ढबीवरून तो आमच्याच बोलीचा वाटला. "भाऊ, काय झालं ते मले सांग."

"बाई, जहाज रेतीत फसलं होतं. हलकं कराले काही लोकायचा माल समुद्रात फेकला, म्हणून बाकीच्यायचा वाचला. ज्याचा वाचला, त्यानं बुडालेल्याचा थोडा थोडा भार उचलाचा. जुना कायदा आहे. तेच मशीन सोडवाले मुंबईले चाललो होतो, पण माह्यं कोणी आयकूनच नाही राहिलं."

मला सगळं समजलं. माझं माहेर वैनगंगेकाठचं. एकदा पुरात डोंगा बुडायला आला, तेव्हा नावाड्याने एकाची चण्याची पोती पाण्यात लोटली. काठावर उतरल्यावर सगळ्यांनी आपापल्या मालातून त्याला वाटा दिला. आईनेही दोन पायल्या तूर दिली होती.

समजलं, पण बोलले नाही. आठवी शिकलेल्या बाईने साहेबांना कायदा काय सांगायचा? तो माणूस रात्रभर ठाण्यातल्या बाकावर बसून राहिला.

सकाळी अटकेचा कागद तयार झाला, डॉक्टरीणबाई सहीला आल्या. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "साहब, ये डोंगे का हिसाब है." आणि ती तूर, ते चणे, सगळं सांगितलं.

साहेबांनी अटकेचा कागद बाजूला सारला. मग बाईंना म्हणाले, "माल का बीमा है?" विम्याचा कागद बाईंच्या पर्समध्येच होता. साहेबांनी विमा कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, अशी हमी आम्हीच देतो, कागद पाठवा.

"मले हे कोणी आधी काहून नाही सांगितलं?" बाई म्हणाल्या.

एजंट म्हणाला, "मॅडम, तीनदा सांगितलं. तुमी म्हणे, पोलिसात जातो."

मशीन आठवड्याभरात आलं. रोजनाम्यात 'गैरसमज दूर, तक्रार मागे' एवढंच लिहिलं गेलं. एजंट मात्र दोन दिवस ठाण्यात बसला, हे पाऱ्यात, म्हणजे त्याच्या मोहल्ल्यात, सगळ्यांना कळलं होतं. त्याची गिऱ्हाइकं तुटली.

ठाण्यात माणूस ओरडून सांगतो तेव्हा तो खोटंच बोलतो असं आम्ही धरून चालतो. न कळलेल्या शब्दाचा अर्थ आधी विचारावा, हे मी तिथे शिकले. समुद्रात बुडालेल्या मालाचा भार सगळ्यांनी वाटून घेतला. एजंटाचं जे बुडालं, त्याचा वाटा ना साहेबांनी उचलला, ना बाईंनी. बाकावरची ती एक रात्र तर मी बोलले नाही म्हणून गेली; तो वाटा माझाच होता, आणि मीही दिला नाही.