बिब्याचं तोंड

मी आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवलेला नाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं तोंड पाहिलं की लोक उलटंच समजतात. गालांवर लाली, नाकावर पुटकुळ्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात भट्टीवर लागलो तेव्हा हे सुरू झालं. भट्टीचं दार उघडलं की गाल पेटायचे. ठेचा खाल्ला की पेटायचे, ऊन लागलं की पेटायचे, चिडलो की पेटायचे. आणि मी पहिल्यापासून चिडका, म्हणजे झालंच!

आमच्या घराण्यात मेंढरांमागं न फिरता पगार आणणारा मी पहिला. पण नोकरी कच्ची होती. साहेब सकाळी सकाळी माझ्या तोंडाला नाक लावून हुंगायचा. "रात्रीची उतरली नाय का रं?" असं चारचौघांत विचारायचा. लई अपमान वाटायचा. कायम व्हायचं तर हे तोंड बरं व्हायला पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

माझ्या बाजूनं बोलणारा एकच होता. माझा भट्टीवरचा जोडीदार, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. कन्नडहून येणाऱ्या एसटीला लोंबकळत आम्ही दोघं सोबत कामाला जायचो. तो भट्टीत माल घालायचा, मी लाल झालेला बाहेर काढून तेलात बुडवायचो. एकदा साहेब मला हाकलायलाच निघाला, तर हा मधी पडला. "साहेब, हा पीत नाय. मी दिवसभर याच्या अंगाला अंग लावून उभा असतो, मला वास आला नसता व्हय?" साहेब पाय आपटत निघून गेला. गरम चहानं माझं तोंड पेटतं हे त्यानंच हेरलं होतं. तेव्हापासून माझा चहा तो बशीत ओतायचा, फुंकर मारून गार करायचा आणि मग माझ्यापुढं सरकवायचा. "पी, लाल्या," म्हणायचा. कपाशीवर लाल्या रोग पडून पानं लाल होतात ना, त्यावरून.

तोच जोडीदार गावात आमच्या दारी आला, तर माझी माय त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. कंपनीत एका बशीतला चहा आणि गावात ही तऱ्हा. तो काही बोलायचा नाय. मीही नाय.

त्या पावसाळ्यात विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ज्यांनी विद्यापीठाची पायरी जन्मात पाहिली नव्हती, त्यांनाही त्याच्या नावाचा पुळका आला. बस बंद, कामाला जाता येईना. गावात देवळासमोर रोज माणसं जमायची. माझा बा पण एका सांजेला तिथं बोलावलं म्हणून गेला आणि आल्यावर न जेवताच झोपला.

सकाळी त्यानं मला ओट्यावर बसवलं. "तोंडाला बिबा लावू," म्हणाला.

बिबा आमच्या लोकांच्या हातातलं औषध. मेंढराचा खूर सडला, सांधा धरला की बिबा सुईवर टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की ठिपका ठेवायचा. पण ते तेल म्हणजे निखारा. जरा इकडंतिकडं लागलं की कातडी उतते, फोड येतात. लहानपणी मी बिबा कोकराच्या डोळ्याजवळ नेला तर बानं कानफटात दिली होती. "तोंडाजवळ नेऊ नको, हैवाना, आंधळं करशील!"

"बा, तोंडाला?" मी म्हणालो.

"गप बस. कायम व्हायचंय ना तुला?"

व्हायचं होतं. म्हणून बसलो. गालावर, कपाळावर, नाकावर, पार पापणीच्या कडेपर्यंत त्यानं ठिपके ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बिबा उतला. तोंड भोपळ्याएवढं झालं, डोळे मिटले ते उघडेचनात, फोडांतून पाणी गळायला लागलं. माय खोबरं चावून चावून त्याचं दूध लावत होती आणि बाला शिव्या देत होती.

त्याच संध्याकाळी ओरडा ऐकू आला, धुराचा वास आला. "काय जळतंय?" मी खाटेवरून विचारलं. "गंजी पेटली कुणाची तरी," बा म्हणाला. तो माझ्या पायाशी बसून होता, उठला नाय. अंगात ताप, डोळ्यांपुढं अंधार. मला ते खरं वाटलं.

जळाला होता बौद्धवाडा. माझ्या जोडीदाराची म्हातारी माय घरातून बाहेर पडलीच नाय.

बस सुरू झाल्यावर मी कामावर गेलो. तोंडावर खपल्या, भुवया गेलेल्या, गालावर काळे चट्टे. तो कारखान्याच्या दाराशी उभा होता. गाव सोडून शहरात पाहुण्यांकडं राहायला आला होता. तो नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"कुठं भाजलास?" त्यानं विचारलं.

"बिबा लावला, बानं."

"बिबा. तोंडाला." तो म्हणाला. "छप्पर खाली आलं तवा जाळाया आलेल्यांतल्या एकाचं तोंड भाजलं, असं आमच्या लोकांनी पाह्यलंय."

मी शपथा घेतल्या, देवाच्या, मायच्या. माय म्हटल्यावर तो वळून निघून गेला. पोलिसांकडं माझं नाव त्यानं कधी दिलं नाय. फक्त दुसरी भट्टी मागून घेतली. मी रडलो त्या दिवशी, तेलाच्या टाकीमागं जाऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पुढच्या खेपेला साहेबानं तोंड हुंगलं तेव्हा शेजारी बोलणारं कुणी नव्हतं. मला काढून टाकलं.

मग वाळूजकडं कारखाने निघाले, तिथं मी वखारीत हमाली केली. चट्टे फिके झाले, लाली राहिली. विद्यापीठाच्या नावासाठी क्रांती चौकातून मोर्चे जायचे, तेव्हा मी त्यात माझा जोडीदार दिसतो का बघत कडेला उभा राहायचो. शेवटी नाव लागलं. त्याच सुमारास एका कातडीच्या डॉक्टरीणबाईनं माझ्या रोगालाही नाव दिलं, रोझेशिया. म्हणाल्या, "काका, लोखंडाला हवेनं गंज चढतो ना, तसंच काहीतरी आत चालतं. सूज आली की कातडीतल्या पेशी ठिणग्या सोडतात. त्या विझवायची ताकद अंगात असते, पण ती अपुरी पडली की चांगली कातडीही होरपळते. ऊन, उष्णता, तिखट, सगळं त्यात भर घालतं. यात दारू प्यायलाच पाहिजे असं काही नाही." मी म्हटलं, "बाई, हे त्या साहेबाला सांगायला तुम्ही तेव्हा का नव्हता?" त्या हसल्या. मला हसू आलं नाय.

पुढं बा आजारी पडला. एका दुपारी मी त्याला पेज पाजत होतो, तर तो माझ्या गालावर बोट फिरवून म्हणाला, "म्या जाणून लावला व्हता."

गावकीचं काम निघालं की घरटी एक तरणा गडी द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. विहिरीचा गाळ काढायला, जत्रेला मांडव घालायला. त्या सांजेला देवळासमोर तशीच हाळी दिली होती. परवा सांज झाली की बौद्धवाडा जाळायला जायचं, घरटी एक तरणा गडी. आमचं घर मेंढपाळाचं, एकटं, मोठ्या कुळांच्या रानावर चरणारं. नाय म्हणायची टाप नव्हती. "आंधळ्याला कोन नेनार?" बा म्हणाला. "तुझ्या हातानं पाप नको व्हतं, लेकरा."

मी भांडं खाली ठेवून ढसाढसा रडलो. माझं तोंड त्यानं जाळलं ते माझा हात वाचवायला!

बाला माती दिल्यावर मी जोडीदाराचं शहरातलं घर हुडकत गेलो. त्याचे केस पिकले होते. त्यानं आत बसवलं, सुनेला चहा करायला सांगितला. मी सगळं सांगितलं, रीत, हाळी, बिबा. तो ऐकत होता. चहा आला तसा त्यानं माझा कप उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी माझ्यापुढं सरकवली. वाटलं, सुटलो.

"तू नव्हतास," तो म्हणाला. "पटलं मला."

मी बशी तोंडाला लावली.

"म्हंजी तुझ्या बाला दोन दिवस आधी ठावं व्हतं," तो म्हणाला. "पोराचं तोंड जाळाया त्याला सुचलं. आमच्या वस्तीत येऊन एक शब्द सांगाया नाय सुचला? माय चालत बाहेर पडली असती रं."

चहा गार होता. तरी माझं तोंड पेटलं.