कोरफडीचं ऊन

रावेतच्या फ्लॅटमध्ये आल्यावर मी हौसेने कोरफडीची कुंडी आणली. हिला ऊन कितीही चालतं, असं बायकोला ठासून सांगून ती पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली. आठवड्यात पानं तांबूस पडली. घाबरून हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणली, तर महिन्याभरात ती फिकट पडून लोळायला लागली. चाकणच्या कंपनीत मी भट्टीचं तापमान सांभाळतो. घरी हे कुणी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. शेवटी शेजारच्या, मूळच्या इथल्याच मावशी म्हणाल्या, "सकाळचं कवळं ऊन दे तिला, दुपारचं न्हाई." कुंडी पूर्वेच्या खिडकीत गेली. काही आठवड्यांनी मधून नवं हिरवं पान निघालं. बायकोने ते मावशींना कौतुकाने दाखवलं आणि मला चहा ठेवायला सांगितलं.