कुशीवरचे डाग

माझ्या डाव्या कुशीवर विळ्याचे डाग आहेत आणि त्यांच्या खाली बरगडी कापल्याची खाच आहे. मुलं विचारायची तेव्हा माझा थोरला भाऊ हसत सांगायचा, तुमच्या बापाच्या पहिल्या बायकोनं त्याला जिता भाजला होता. मी तिथंच बसलेला असायचो. जेवत असलो तर जेवत राहायचो.

निजामी होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव राजूरच्या पलीकडं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली. मेंढरं गेली, पण मेंढरांची दवा घरात राहिली. जनावराच्या कुशीत कळ धरली की तापल्या लोखंडानं डागायचं, आणि माणसालाही तेच. आईबाप लवकर गेले. भावानं मला वाढवलं, उर्दू शाळेत घातलं. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी तहसिलीतल्या कारकुनाशी उर्दूत बोलायला लागलो की तो बाजूला उभा राहून लोकांकडं बघायचा, ऐकताय ना, अशा नजरेनं.

ज्वारीची काढणी चालली होती आणि मला ताप भरला. भाऊ बैल बघायला बाजाराला गेल्ता, वहिनी बाळंतपणाला माहेरी. घरात मी आणि माझी बायको. श्वास घेतला की कुशीत कुणी बैल टोचायची पराणी खुपसून फिरवतंय असं व्हायचं. थुंकी विटकरी यायला लागली. बायको म्हणाली, शेजारच्यांची गाडी मागते, जालन्याच्या दवाखान्यात जाऊ. मी म्हणालो, दवाखान्यात गेलेला माणूस खांद्यावर परत येतो, तू डाग दे. ती नको म्हणाली. तिच्या माहेरी डागलेला माणूस तिनं सडताना बघितला होता.

मी उशाचा तांब्या उचलून तिच्या तोंडावर मारला. भुवईच्या वर फुटलं. तापाच्या भरात मारला, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मी नेम धरला होता. मग खाटेवरून उतरलो, तिचे केस धरले आणि चुलीपर्यंत ओढत नेलं. एवढी ताकद त्या अंगात कुठून आली ते मला माहीत नाही. तिच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. ते पदरानं पुसत तिनं विळा जाळात धरला.

"मी मेलो तर तुझ्यामुळं मेलो, असं सगळ्यांला सांगून मरीन," मी म्हणालो. "लाव."

तिनं लावला. कातडीचा चर्र आवाज आधी आला, वेदना मागून आली. मी पुन्हा लाव म्हणालो. पुन्हा लावला. शेवटच्या वेळी विळा घसरला आणि डाग लांब ओढला गेला. जळक्या मांसाचा वास घरात भरला. ती दारात जाऊन ओकली.

कळ गेली नाही. डाग चिघळले, त्यात पाणी धरलं. भाऊ परत आला, मला बघितलं, डाग कुणी दिले ते न विचारता नव्या बैलांची गाडी जुंपली, त्यात कडबा अंथरला आणि मला घातलं. बायको पाठीमागं बसली. जालन्यापर्यंत प्रत्येक धक्क्याला मी भावाला आईवरून शिव्या देत होतो, आणि तो बैलांना.

आमच्यात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचं तर नवऱ्याकडून, नाहीतर वहिनीकडून. वहिनी माहेरी. म्हणजे माझ्या बायकोला माझ्या भावाशी बोलायला माझ्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं. आणि दवाखान्यातला डॉक्टर उर्दू बोलायचा, म्हणजे डॉक्टरशी बोलायला भावालाही माझ्याशिवाय दुसरं तोंड नव्हतं.

डॉक्टरनं पाठीत जाड सुई घालून बघितलं. हिरवा पू आला. फुफ्फुसाच्या बाहेर पू भरलाय, बरगडी कापून काढावा लागेल, तो म्हणाला. मग त्यानं सदरा कुशीवरूनही वर केला आणि डाग बघितले. जिथं कापायचं नेमकं तिथं कातडी सडली होती. तो एकदम ओरडायला लागला. ये कौन जाहिल का काम है, कोणी केलं हे. जनावर आहात का तुम्ही. ही जागा सडली नसती तर मी उद्या कापलं असतं, आता जखमेचं विष आत गेलं तर हा हातचा जाईल.

"काय म्हणून राह्यला?" भावानं मला विचारलं.

जाहिल म्हणजे अडाणी, हे त्या खोलीत घरच्यांपैकी फक्त मला कळत होतं. त्या शब्दाच्या लोकांतून मला वर काढण्यासाठी भावानं मला शाळेत घातलं होतं. मी म्हणालो, "डागल्यानं जागा सडली, आता जगायची खात्री नाही म्हणतो. कुणी डागलं, ते विचारतो."

"मंग सांग की."

"हिनं," मी म्हणालो.

डॉक्टरची नजर तिच्या भुवईवरच्या जखमेवर गेली. त्यानं जरा खालच्या आवाजात मला विचारलं, अपने दिल से करी, या किसी ने मजबूर किया? स्वतःच्या मनानं केलं की कुणी भाग पाडलं? प्रश्न सरळ होता आणि त्यात तिच्यासाठी एक फट होती. मी तो भावाला सांगितलाच नाही. डॉक्टरला उर्दूतच उत्तर दिलं: खुद करी. मी बेहोश होतो.

बायकोला उर्दू येत नव्हती. पण 'हिनं' तिला कळलं होतं.

भावानं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. माझी खाट खिडकीशी होती. गाडी तिथंच सोडलेली होती आणि चाबूक गाडीतच होता. मला पहिला फटका ऐकू आला, मग मी मोजायचं सोडून दिलं. ती ओरडली नाही, त्यामुळं चाबकाचा आणि भावाच्या श्वासाचा एवढाच आवाज. मध्येच तो म्हणाला, "लेकरासारखा वाढवला त्याला म्या." दवाखान्याच्या भिस्त्यानं पाण्याची मशक टाकून त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला.

मी खिडकीतून एक हाक मारली असती तर तो आधीच थांबला असता. दम नव्हता, असं मी म्हणू शकलो असतो. पण त्यानंतर थोड्याच वेळानं मी पाणी मागितलं, आणि ते दोन खाटांपलीकडं ऐकू गेलं.

मला कापलं तेव्हा गुंगीचं औषध दिलं नाही, फुफ्फुस सोसणार नाही म्हणाले. कातडी तेवढी बधिर केली. चौघांनी धरलं. बरगडी कात्रीनं तुटली तो आवाज मी कानानं नाही, दातांत ऐकला. पू उसळून डॉक्टरच्या छातीवर उडाला. रबरी नळी घातली, तिचं टोक खाटेखालच्या बाटलीत.

ती बाटली माझी बायको रिकामी करायची. पाठीवर लुगडं टेकू देता येत नव्हतं म्हणून वाकून चालायची. मला कण्हेरी भरवायची, कूस पुसायची. भाऊ बाहेर गाडीपाशी राहायचा, तो आत आला की ती उठून भिंतीकडं तोंड करायची. तो गेल्यावर म्हणाली, "त्यांला सांगा."

मी म्हणालो, बोललं की दम लागतो.

तिला ते पटलं असावं, कारण ती वाट बघत राहिली. मग एके दिवशी शेजारच्या खाटेवर तीर्थपुरीकडचा एक शेतकरी आला. बैलांवर बोलणं निघालं. कोणत्या जातीचा खांदा चांगला, कोणता बैल चिखलात बसतो, असं आम्ही दोघं पुष्कळ वेळ बोललो. मी हसलोसुद्धा, हसताना नळी दुखली. ती वाटी घेऊन मागंच उभी होती. मला दिसली तेव्हा मी बोलायचा थांबलो, पण तोवर तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानंतर तिनं मला काही सांगायला सांगितलं नाही.

तिचा बाप आला. भावानं त्याला सगळ्या वॉर्डासमोर सुनावलं की तुझ्या लेकीनं माझा भाऊ मारायला काढला. म्हातारा माझ्याकडं वळून म्हणाला, "जावईबापू, हे खरं हाय का?"

मी बाटलीकडं बघत होतो. नळीतून एक बुडबुडा येत होता. तो येईपर्यंत बघितला, आणि हो म्हणून मान हलवली.

म्हाताऱ्यानं पोरीच्या थोबाडीत मारली. भुवईवरची खपली फुटली. तिला घेऊन तो गेला. पुढं पंचांत काडीमोड झाली आणि तिचा दुसरीकडं पाट लागला. माझंही दुसरं लग्न झालं, मुलं झाली.

या वर्षी दिवाळीच्या अंघोळीला माझा नातू डाग बघून हसला, आणि भावानं ती गोष्ट परत सुरू केली. आता तो म्हातारा झालाय, गोष्ट सांगताना खोकतो. मी म्हणालो, "दादा, मी लावायला लावला. तांब्या मारून." मग बाकीचंही सांगितलं, डॉक्टरचा दुसरा प्रश्नसुद्धा.

त्यानं पायातलं पायताण काढलं आणि मला मारलं. डोक्यावर, तोंडावर, ओल्या अंगावर. माझी सून मध्ये पडायला आली, तिला मी बाजूला केलं. त्याचा हात थकला तेव्हा तो मोरीच्या कडेला बसला.

"बाईमाणसावर हात उगारला म्या," तो म्हणाला. "जन्मात येकदाच. आन त्यो बी तुझ्या एका शब्दावर."

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो माझ्या पहिल्या बायकोच्या गावी जाऊन आला. काय झालं ते मला आठवडाभरानं वहिनीकडून कळलं. तिनं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघून बोलली. आता तो तिचा कुणी लागत नव्हता. म्हणाली, तुम्ही कशाला आलात, तुम्हाला कुठं माहीत होतं. माझा बाप मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही, ते ज्यानं केलं त्यानं यावं. माझ्या पोरांसमोर सांगावं.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याचं ताट आता वेगळं वाढतात. तिच्या गावाला सकाळची मोटार थेट जाते. मी दोनदा तिकीट काढून बसलो आणि दोन्ही वेळा मध्येच, राजूरला उतरलो.